म्युझियमच्या फोटोंनी नॅस भरला! मास्टर, वेब कॉपी, प्रिंट कॉपी: काय ठेवायचं, काय उडवायचं?

गल्ली_गिरगाव | सोमवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी,

दक्षिण मुंबईतल्या एका ट्रस्टच्या छोट्या म्युझियममध्ये मी नोंदणी आणि फोटोंचं काम बघते. नाणी, तांब्यापितळेची भांडी, रविवर्मा प्रेसची ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे रंगीत छापे), जुने नकाशे, थोड्या पोथ्या असा संग्रह आहे. वस्तू नऊ हजारांच्या घरात आणि दर वस्तूचे सरासरी चार फोटो, म्हणजे ३६ हजारांच्या आसपास टिफ (दर्जा न घटवता साठवलेल्या) फायली. सगळं एका चार डिस्कांच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी) आहे (प्रत्येकी ६ टीबी, रेड ५) आणि तो ९० टक्के भरलाय.

विश्वस्तांचं म्हणणं, "लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या डिस्का आणा, विषय मिटवा." गेल्या वेळीही हा विषय असाच मिटवला होता, म्हणून इथे विचारतेय. नॅसवर 'मास्टर' (मूळ फोटो) आहे, शिवाय 'वेब', 'वेब_नवीन', 'कॅटलॉग_फायनल', 'कॅटलॉग_फायनल_खरंच', 'प्रेससाठी', 'पीपीटी' आणि कुणाकुणाच्या नावाचे फोल्डर. यातलं काय उडवता येतं हे ठरवायचं कसं? आणि वेबसाइटसाठी एकेका फोटोच्या किती साइझ करून ठेवायच्या? आमच्याकडे आयटीवाला नाही, महिन्यातून एकदा एक मुलगा येऊन जातो.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १२.०५

डिस्का आणायच्या आधी मोजा.

रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत (एक डिस्क मेली तर डेटा परत काढायच्या हिशोबात) जाते, म्हणजे हाती १८ टीबी. विंडोज १०२४ ने भागतं म्हणून तिथे १६.३ दिसत असतील. आता मास्टरचा हिशोब: ५० मेगापिक्सेलचा फोटो, ८-बिट रंगीत, पिक्सेलमागे ३ बाइट, म्हणजे १५० एमबी. गुणिले ३६ हजार, ५.४ टीबी. काही फोटो १६-बिट असतील तर ते दुप्पट. तरीही नॅसची निम्म्याहून जास्त जागा दुसरंच काहीतरी खातंय. कुठला फोल्डर किती हे बघून इथे टाका.

आणि रेड हा बॅकअप धरू नका. एक डिस्क मेली तर रेड ५ तारून नेतं, तेवढंच त्याचं काम. चुकून केलेलं डिलीट, रॅन्समवेअर, शॉर्टसर्किट यांच्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. दुसरी प्रत आहे का कुठे?

पानसुपारी | सोमवार, दुपारी १२.३१

'कॅटलॉग_फायनल_खरंच' वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे 'फायनल_आता_बास' आहे.

दप्तरदारीण | सोमवार, दुपारी २.१५

गल्लीताई, मी एका अभिलेखागारात बरीच वर्षं हेच केलं. आम्ही प्रत्येक फोल्डरला एकच प्रश्न विचारायचो: ही फाइल गेली तर यंत्र पुन्हा करून देईल, की माणसाला पुन्हा बसावं लागेल?

मास्टरवरून आपोआप निघते ती डेरिव्हेटिव्ह. वेबची जेपेग, थंबनेल, पीपीटीसाठी लहान केलेली प्रत, सगळं त्यात आलं. तिचा बॅकअप घ्यायची गरज नाही. जपायची असते ती डेरिव्हेटिव्ह काढायची कृती: कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, लांब बाजू किती पिक्सेल, जेपेग क्वालिटी किती, शार्पनिंग केलं का, रंगाचं प्रोफाइल कुठलं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, तारीख टाका आणि ती फाइल मास्टरशेजारी ठेवा. झेरॉक्सची पेटी कुणी तिजोरीत ठेवत नाही, मूळ कागद ठेवतात.

माणसाला बसावं लागतं अशा फायली मात्र वेगळ्या. नकाशाचे सहा तुकडे जोडून केलेला एक फोटो, भांड्यावरची झळाळी हाताने कमी केलेली, पार्श्वभूमी कातरून काढलेली. लोक त्यांनाही डेरिव्हेटिव्ह म्हणतात आणि तिथेच घात होतो. त्यांना दुसरा मास्टर समजा, 'संपादित मास्टर' म्हणून वेगळा फोल्डर करा आणि पहिल्या मास्टरइतकंच सांभाळा.

उपनगरी | सोमवार, दुपारी ३.४०

बाळबोध प्रश्न. सगळंच चांगल्या क्वालिटीच्या जेपेगमध्ये का ठेवत नाहीत? १५० एमबीचं १०-१५ एमबी होईल, मोठ्या डिस्कांचा प्रश्नच उरणार नाही.

जुना_कॅमेरावाला | सोमवार, संध्या. ६.१०

@उपनगरी, जेपेग दर वेळी उघडून सेव्ह केली की थोडी माहिती टाकून देते, आणि ती ८-बिटच असते. काळवंडलेल्या तांब्याच्या घड्यावरची कोरलेली अक्षरं नंतर सावलीतून उचलायची वेळ आली की ८-बिटमध्ये पट्टे दिसायला लागतात. १६-बिटमध्ये छटा जास्त असतात, उचलायला जागा शिल्लक असते. पाहायला जेपेग उत्तम, ठेवायला नाही.

दप्तरदारीणबाईंचं बाकी सगळं मान्य, पण कॅटलॉगच्या फोल्डरला सरसकट झाडू मारू नका. छपाईसाठी रंग जुळवताना मी प्रूफ हातात घेऊन मूळ ओलिओग्राफसमोर उभा राहतो. लाल शालू छपाईत तपकिरी येतो, तो हाताने सावरावा लागतो. ते काम कुठलंही यंत्र पुन्हा करून देत नाही.

दप्तरदारीण | सोमवार, संध्या. ७.०२

मग तुमच्याच मुद्द्याने ती फाइल संपादित मास्टरमध्ये जाते. पण कुठली? आरजीबीत (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) सुधारली आणि शेवटी एका क्लिकवर सीएमवायके (छपाईच्या चार शाया) केली, तर आरजीबी ठेवा आणि सीएमवायके सोडा. सीएमवायके झाल्यावर पुन्हा हात फिरवला असेल तर तीही ठेवा.

जुना_कॅमेरावाला | सोमवार, संध्या. ७.२६

हे चालेल. शिवाय छापखान्यात गेलेली शेवटची पीडीएफ ठेवा. उद्या पुनर्मुद्रण करायचं झालं तर छापखाना आधी तीच मागतो.

गल्ली_गिरगाव | मंगळवार, सकाळी १०.५०

मोजलं. मास्टर सव्वासहा टीबी. बाकीचं जवळपास दहा! त्यात वेबचे दोन्ही फोल्डर मिळून शंभर जीबीसुद्धा नाहीत. मी मनात त्यांनाच दोष देत होते. खरी जागा खाल्लीय ती कॅटलॉगच्या फोल्डरांनी. शिवाय दर प्रदर्शनाच्या वेळी कुणीतरी 'मास्टर'मधून शेकडो टिफ उचलून आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्यात आणि त्या तशाच पडून आहेत.

@रात्रपाळी, दुसरी प्रत एका एक्स्टर्नल डिस्कवर आहे. अर्धवट. नॅसशेजारच्याच कपाटात.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११.१५

अपेक्षित होतं. सीएमवायके टिफला तीनऐवजी चार चॅनल, म्हणजे १५० एमबीची २०० होते. आणि लेयर ठेवून सेव्ह केली असेल तर विचारूच नका.

कुणाकुणाच्या नावाच्या फोल्डरांचं असं करा. आधी आकार तंतोतंत जुळणाऱ्या फायली शोधा, मग फक्त त्यांचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा) काढून जुळवा. जुळले तर बाइट-बाइट तीच फाइल आहे, दुसरी प्रत उडवायला हरकत नाही. मात्र फोटो तोच असून कुणी त्यात नुसतं कॅप्शन भरलं असलं तरी चेकसम बदलतो. न जुळणाऱ्या फायली माणसाने उघडून बघायच्या.

आणि 'उडवा' म्हणजे लगेच डिलीट नाही. आधी 'जाणार' नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, पुढचं प्रदर्शन होऊ द्या. कुणी बोंब मारली नाही की मग.

दप्तरदारीण | मंगळवार, सकाळी ११.४८

आणि काय उडवलं त्याची यादी काढून क्युरेटरची सही घ्या. म्युझियममध्ये वस्तू नोंदवहीतून कमी करायला जी शिस्त लागते तीच इथे लावा. सहीशिवाय डिलीट करू नका, नाहीतर पाच वर्षांनी 'तो फोटो कुठे गेला' हा प्रश्न तुमच्याच टेबलावर येईल.

उपनगरी | मंगळवार, दुपारी १.०५

वेबसाइटच्या साइझचं राहिलं की. आणि मोठ्या म्युझियमच्या साइटवर झूम करत करत चित्राच्या भेगांपर्यंत जाता येतं, ते कसं करतात?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.५०

दोन रस्ते. जुन्या पद्धतीत फोटोचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे आधीच पाडून ठेवतात. ८००० × ६००० चा फोटो घ्या: आडवे ३२, उभे २४, म्हणजे ७६८ तुकडे. त्यावर निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या पातळ्यांचे आणखी अडीचशे. एका फोटोच्या हजार फायली! ३६ हजार फोटोंच्या साडेतीन कोटी. जागा फार लागत नाही, पण एवढ्या बारीक फायलींची नुसती यादी करतानाच बॅकअप गुडघे टेकतो, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायच्या म्हणजे आठवडा गेला.

दुसरा रस्ता पिरॅमिडल टिफचा. सगळ्या पातळ्या आणि तुकडे एकाच फाइलच्या पोटात. पाव, मग पावाचा पाव असं करत गेलं तर बेरीज एक तृतीयांश होते, म्हणजे फाइल फक्त तेवढीच फुगते. आत जेपेग कॉम्प्रेशन ठेवलं तर ती मास्टरच्या कितीतरी पट लहान राहते. तिच्यापुढे आयआयआयएफ (वेबवर चित्रं दाखवायचं खुलं मानक) पाळणारा इमेज सर्व्हर बसवायचा (कँटालूप किंवा आयआयपीइमेज, दोन्ही मुक्त). ब्राउझर पत्त्यातच सांगतो, फोटोचा अमुक भाग, अमुक रुंदीत दे, आणि सर्व्हर तेवढाच कापून देतो. मग थंबनेल, मध्यम, मोठी अशा वेगळ्या फायली ठेवायच्याच नाहीत. सर्व्हर आपल्या कॅशमध्ये काय ठेवेल ते ठेवो, त्याचा बॅकअप घ्यायचा नाही.

पण गल्लीताई, स्पष्ट सांगतो, तुम्ही आत्ता हे करू नका. महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलाच्या जिवावर इमेज सर्व्हर चालत नाही. तो बंद पडला की सगळ्या साइटवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. तीन ठरावीक जेपेग करा: यादीसाठी ३०० पिक्सेल, वस्तूच्या पानासाठी १२००, मोठं करून बघायला ३०००. क्वालिटी ८५ च्या आसपास. झूम हवाच असेल तर निवडक शंभरेक वस्तूंपुरते तुकडे पाडा, त्याला सर्व्हर लागत नाही, साध्या होस्टिंगवर चालतं.

जुना_कॅमेरावाला | मंगळवार, दुपारी ३.१०

जेपेग काढताना एसआरजीबीत (वेबचा नेहमीचा रंगपल्ला) बदलायला विसरू नका. आमचे मास्टर बहुतेक ॲडोबी आरजीबीत (त्याहून मोठा रंगपल्ला) असतात. न बदलता प्रोफाइल गाळून वेबवर चढवले की सगळं फिकं, मेलेलं दिसतं, आणि मग क्युरेटर फोन करून फोटोग्राफरला झाडतात. नुसता लेबलचा फरक असतो हो!

नकाशांचं वेगळं प्रकरण आहे. चार फूट बाय सहा फुटांचा नकाशा ६०० पीपीआयने (इंचाला ६०० पिक्सेल) घेतला तर २८,८०० × ४३,२०० पिक्सेल. १६-बिटमध्ये साडेसात जीबी. साधी टिफ ४ जीबीच्या वर जात नाही, तिथे बिगटिफ लागते. पीएसडीत (फोटोशॉपची फाइल) तर एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे, त्यापुढे पीएसबी. नकाशाला खरंच ६०० लागतं का हे आधी विचारा. ४०० ला तोच फोटो सव्वातीन जीबीत बसतो आणि बारीक अक्षरं बहुतेक वेळा वाचता येतात. एक तुकडा दोन्ही रेझोल्यूशनला काढा, शेजारी ठेवून बघा, मग ठरवा.

गल्ली_गिरगाव | मंगळवार, दुपारी ४.३५

३००० पिक्सेलची प्रत सगळ्याच वस्तूंची द्यायची का? विश्वस्तांना भीती वाटते, कुणी उतरवून घेऊन कॅलेंडर छापेल म्हणून.

दप्तरदारीण | मंगळवार, संध्या. ५.२०

कॅलेंडर छापायलाच तर रविवर्मा प्रेस होता की! :-)

गंमत सोडा. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. रविवर्मा १९०६ साली गेले, चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली. त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपलाय, ती मोठी द्यायला माझ्या मते काहीच हरकत नाही. अभ्यासकाला मोठी प्रत साइटवरच मिळाली तर तो तुम्हाला ईमेल करून टिफ मागत नाही, तुमचा वेळ वाचतो. हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकारांचं काम असेल तर मात्र १२०० वर थांबा. यासाठी नोंदीत 'हक्क' असा रकाना हवा, म्हणजे तो बघून साइझ आपोआप ठरते. कुणाच्या तरी स्मरणशक्तीवर सोडू नका.

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, रात्री ९.१५

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची 'जतन' ही संग्रहालयांसाठीची प्रणाली वापरत नाही का तुम्ही? आमच्या पुण्यातच तयार झालीय, केंद्र सरकारची संग्रहालयं तिच्यावर आहेत. फोटो तिथेच चढवायचे, नॅसची कटकटच नको.

दप्तरदारीण | मंगळवार, रात्री ९.४०

वस्तूंच्या नोंदींसाठी तसल्या प्रणालीचा विचार जरूर करावा. पण नोंदणीची प्रणाली कुठलीही घ्या, तिच्यात पाहण्यापुरती प्रत जाते. मूळ १५० एमबीच्या फायली कुठे राहणार, किती प्रती, कोण तपासणार, हा प्रश्न आपल्याच गळ्यात राहतो.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १.३०

नॅसशेजारचं कपाट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. दोन्ही प्रती एका खोलीत म्हणजे आग एक, पाणी एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तुमचा नॅस तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी वर हलवा, हे फुकटात होतं.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी, हा सर्वमान्य नियम. तुमच्याकडे तो असा बसेल: पहिली नॅसवर. दुसरी एक्स्टर्नल डिस्कांच्या जोडीवर, कॉपी झाली की वायर काढून दुसऱ्या इमारतीत. रॅन्समवेअर वायर नसलेल्या डिस्कपर्यंत पोचत नाही. तिसरी क्लाउडच्या स्वस्त आर्काइव्ह थरात. तिथून फाइल परत मागितली की १२ तास, कधी दोन दिवस थांबावं लागतं आणि डाउनलोडचे वेगळे पैसे पडतात, पण ती प्रत रोज लागतच नाही. चढवायला धीर ठेवा: १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी सव्वासहा टीबीला जवळपास सहा दिवस.

एलटीओ टेप (बॅकअपची चुंबकीय टेप) कुणी सुचवेल. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतात, टेप स्वस्त, पण ड्राइव्हची किंमत लाखांत. शिवाय टेप साठवायला २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. मुंबईत जुलैमध्ये ती खोली चोवीस तास एसीत ठेवावी लागेल. एवढ्या डेटासाठी नको.

पानसुपारी | बुधवार, सकाळी ८.०५

बाहेरगावची प्रत पुण्यात ठेवा. फक्त १ ते ४ मध्ये परत मागू नका.

पेठेतला_पाहुणा | बुधवार, सकाळी ८.२०

आली, आली. वाटच बघत होतो.

गल्ली_गिरगाव | बुधवार, दुपारी १२.१०

:-) दोन शंका. डेरिव्हेटिव्हचा बॅकअप नको म्हणता, पण उद्या सगळ्या गेल्या तर साइट किती दिवस बंद? आणि फोटोतच नोंदणी क्रमांक, वस्तूचं नाव वगैरे भरून ठेवायची आम्हाला सवय आहे, ती चांगली की वाईट?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १.००

एका फोटोच्या तीनही साइझ काढायला ४ सेकंद धरा. ३६ हजार गुणिले ४, म्हणजे ४० तास. शुक्रवारी संध्याकाळी लावा, रविवारी दुपारी तयार. लिबव्हिप्स (फोटो लहान करायचं मुक्त सॉफ्टवेअर) वापरलंत तर कदाचित त्याच्याही आधी, ते सगळा फोटो एकदम मेमरीत घेत नाही. आणि चालू सर्व्हरवर एक प्रत असतेच.

फोटोत माहिती भरायची ती डेरिव्हेटिव्हमध्ये भरा. साइटवरून उतरलेला फोटो जगभर हिंडतो, त्याच्या पोटात म्युझियमचं नाव आणि क्रमांक असलेला बरा. मास्टरमध्ये मात्र एकदा चेकसम काढल्यावर काहीही लिहू नका. नाव सुधारलं की चेकसम बदलला, आणि मग फाइल कुणी सुधारली की डिस्कवर सडली हे कळायचा मार्गच उरत नाही. माहिती नोंदींत किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये. मास्टर रीड-ओन्ली करा, लिहायचा हक्क एकाच लॉगिनला. वर्षातून एकदा सगळे चेकसम पुन्हा काढून जुळवा. तुमच्या वेगाच्या नॅसवर फायली वाचायलाच सोळा-सतरा तास जातील, पण माणूस लागत नाही.

दप्तरदारीण | बुधवार, दुपारी २.२५

फाइलच्या नावांचंही आत्ताच उरका. नोंदणी क्रमांकात तिरकी रेघ असते, ती फाइलच्या नावात चालत नाही, आणि मग कुणी तिथे डॅश टाकतं, कुणी अंडरस्कोर. एकच ठरवा. आकडे शून्य लावून समान लांबीचे करा, नाहीतर १० क्रमांक २ च्या आधी येऊन बसतो.

आणि नावं रोमन अक्षरांतच ठेवा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकच्या डिस्का नाव साठवताना ते सुटं करतात. 'वऱ्हाड' नावाचा फोल्डर मॅकवरून नॅसवर गेला की दिसायला तोच, संगणकाच्या लेखी दुसरा. आमच्याकडे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसायचे आणि बॅकअप दोन्ही वेगळे समजून कॉपी करत बसायचा.

जुना_कॅमेरावाला | बुधवार, संध्या. ६.४५

रॉ फायलींचं (कॅमेऱ्यातून येणारा कच्चा फोटो) कुणीच बोललं नाही. त्या ठेवाव्यात असं माझं मत. टिफपेक्षा लहान असतात आणि उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं तर पुन्हा काढता येतात.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.५५

आणि दहा वर्षांनी त्या कॅमेऱ्याची रॉ उघडणारं सॉफ्टवेअर मिळालं नाही तर? टिफ तपासून मंजूर झाली की रॉ ठेवायची सक्ती नको, असं माझं मत. नकाशे आणि ओलिओग्राफसारख्या मोजक्या वस्तूंच्या ठेवा फार तर.

जुना_कॅमेरावाला | गुरुवार, सकाळी ७.३०

आपलं इथे जमायचं नाही. डीएनजीत (ॲडोबीचा खुला रॉ प्रकार) बदलून ठेवा म्हणजे झालं.

गल्ली_गिरगाव | शुक्रवार, संध्या. ५.१५

अपडेट. विश्वस्तांना रात्रपाळींचा हिशोब कागदावर काढून दाखवला. मोठ्या डिस्कांची खरेदी थांबली, त्याऐवजी एक्स्टर्नल डिस्कांच्या दोन जोड्या आणि क्लाउडचं एका वर्षाचं भाडं मंजूर झालं. तंतोतंत जुळणाऱ्या फायलीच साडेतीन टीबी निघाल्या, त्या 'जाणार'मध्ये हलवल्यात. कॅटलॉगच्या फायली आमच्या फोटोग्राफरबरोबर बसून एकेक बघतेय, त्याला वेळ लागेल. हाताने सुधारलेल्या निघताहेत, पण शंभरात दहाबारा. नॅस पहिल्या मजल्यावर गेला. रॉ सध्या आहेत तिथेच आहेत.

आता क्युरेटरबाईंना भांड्यांची थ्रीडी मॉडेल करायचीयत. एका घड्याचे दोनअडीचशे फोटो. त्यातले मास्टर कुठले धरायचे?

दप्तरदारीण | शुक्रवार, संध्या. ६.००

फोटो सगळे मास्टर, मॉडेल संपादित मास्टर. पण त्यासाठी नवा धागा काढा, इथे फार लांबण लागेल.